पहिला घोट ओतणाऱ्याचा

मित्रांनो, मी भोपळा आहे, आणि आता चांगलाच म्हातारा झालो आहे. हसा खुशाल. परीक्षेत काहीच जमले नाही की तुम्ही ज्याचे नाव घेता, त्याच कुळातला मी. पण सातासमुद्रापलीकडे, आमच्या पाराना नदीकाठच्या गावांत माझ्यावाचून कुणाची सकाळ उजाडत नाही. मुठीत मावेन एवढा माझा आकार, पोट पोकळ, तोंडाला पांढऱ्या धातूची कड. माझ्यात माते करतात. वाळका पाला भरायचा, वरून गरम पाणी ओतायचे आणि धातूच्या नळीने ओढून प्यायचे. लागतो कडूजहर. तरी माणसे दिवसातून दहादा पितात, आणि एकेकटी नव्हे; एकच भोपळा सगळ्या घरात फिरतो.

याच्या दोन रीती आहेत, त्या आधीच सांगून ठेवतो. ओतणारा एकच असतो आणि पहिला घोट त्यानेच घ्यायचा. पहिला सगळ्यात कडू, त्यात पाल्याची धूळही येते; तो दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे त्याचा अपमान. मग एकेकाची पाळी येते. पिऊन झाले की भोपळा मुकाट्याने परत द्यायचा. "आभारी आहे" म्हणायचे नाही. म्हटलेच, तर त्याचा अर्थ एवढाच की मला पुरे, आता माझी पाळी धरू नका.

माझा जन्म उत्तरेकडच्या उष्ण प्रांतातल्या एका वेलीवर झाला. ओस्वाल्दो नावाच्या ट्रकवाल्याने मला जत्रेतून आणले. नव्या भोपळ्यात लगेच माते करत नाहीत. ओस्वाल्दोने दोन दिवस माझ्या पोटात ओला पाला कोंबून ठेवला, मग चमच्याने आतली साल खरवडून काढली आणि मला उन्हात पालथे घातले. खरवडताना जीव नकोसा झाला होता. "घाई केली तर आतून सडतो बेटा," असे तो म्हणायचा. त्याने घाई केली नाही, म्हणून मी एवढी वर्षे टिकलो.

तीस हंगाम मी त्याच्या ट्रकच्या केबिनमध्ये काढले, लुहानच्या माउलीच्या, म्हणजे ट्रकवाल्यांना सांभाळणाऱ्या देवीच्या, तसबिरीखाली. सोयाबीनची कापणी झाली की बंदराबाहेर ट्रकांची मैलभर रांग लागे. त्या रांगेत मी पन्नास हातांतून फिरून परत येई. सेवेरो नावाचा त्याचा जिवलग मित्र म्हणायचा, "ओस्वाल्दो, मेलास की हा भोपळा मला दे." ओस्वाल्दो मेला, पण मी सेवेरोकडे गेलो नाही. मुलगा दारिओ याच्याकडे आलो. मालकाच्या ट्रकवरही बापाच्या जागी तोच बसला.

दारिओ धिप्पाड, हसरा, सतत शीळ घालणारा. मला त्याचा फार लळा. पण रांगेत तीन-तीन दिवस जागायचे, वर पुन्हा शेतावर जाऊन नवा माल भरायचा, आणि डोळे तर मिटू लागत. कुणीतरी त्याच्या तळहातावर चिमूटभर पांढरी पूड ठेवली. तिला कोकेन म्हणतात. झोप पळाली. पहिल्या वर्षी ती फक्त कापणीपुरती होती. दुसऱ्या वर्षी कापणी संपली, पण पूड संपली नाही. मग शीळ थांबली. हसण्याच्या जागी चिडचिड आली, मधेच दोन-दोन दिवस बेपत्ता होणे आले. मालेना ही त्याची दहा वर्षांची मुलगी; तिच्या शाळेच्या नाचाला तो आला तो सगळ्या खुर्च्या उचलल्यावर. आणि तो माते प्यायला बसेनासा झाला. ज्याला पाळीची वाट बघवत नाही, त्याने माते काय प्यावा!

मला त्याने स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर ठेवले. त्याची बायको सिल्वाना रोजच्याला स्टीलचा पेला वापरी. "सासऱ्यांची आठवण आहे, फुटायला नको," म्हणून मला कुणी हात लावत नसे. हेच दारिओने हेरले. एके दिवशी त्याने कागदाची एक पुडी माझ्या पोटात घातली आणि वरून वाळका पाला भरला. मित्रांनो, त्या दिवसापासून मला लाज कशाला म्हणतात ते कळले. घरात कुणाचे पाऊल वाजले की मी घाबरायचो. सापडलो तर काय, आणि नाही सापडलो तर काय, दोन्हींची भीती.

यंदाच्या शरद ऋतूत, आमच्याकडे तो मार्च ते मे असतो, ऐन कापणीत, एका शनिवारी सेवेरो आपली जुनी पिकअप घेऊन दारात आला. बारा वर्षांपूर्वी तो स्वतः या पुडीपायी रस्त्यावर आला होता. तासाभराच्या वाटेवर एक शेत आहे, तिथे व्यसनी माणसे राहून बरी होतात. तो तिथे राहिला, बरा झाला आणि तिथेच पाव भाजायला थांबला. सिल्वानानेच त्याला बोलावले होते. एक खाट रिकामी झाली होती आणि ती दुपारी दोनपर्यंत दारिओसाठी धरून ठेवली होती. दोननंतर ती यादीतल्या पुढच्या माणसाची.

मालेनासकट चौघे टेबलाशी बसले. स्टीलचा पेला फिरू लागला. दारिओचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता.

"तिथे नऊ महिने राहायचं?" दारिओ म्हणाला. "काका, नऊ महिन्यांत बाई बाळंत होते."

"मग तूही हो," सेवेरो म्हणाला. "कळा मात्र तुझ्या तुलाच सोसाव्या लागतील."

"थट्टा नको. कापणी चालू आहे. मालक दुसऱ्याला ट्रकवर बसवेल. जून येऊ दे, कापणी संपली की मी माझ्या पायांनी येतो."

"गेल्या वर्षी जून आला नव्हता वाटतं? सिल्वाना, तुमच्याकडे आला होता का गं?"

"आला होता की," सिल्वाना पाणी ओतत म्हणाली. "हाच घरी नव्हता."

दारिओने पेला खाली ठेवला. "मी सोडलंय. अकरा दिवस झाले. ह्या घरात आता कणभरसुद्धा नाही. माउलीची शपथ. मालेनाची शपथ."

मी फळीवरून ऐकत होतो. आदल्या दिवशीच त्याने माझ्यात बोटे घातली होती.

सिल्वाना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला विश्वास ठेवायचा होता हो. चार वर्षे तिने एकटीने रेटले होते. अकरा दिवस हा आकडा तिला फार मोठा वाटला. "काका," ती हळूच म्हणाली, "खरंच अकरा दिवस झाले असतील, तर घरीच नाही का जमायचं? मी आहे ना लक्ष ठेवायला."

 सेवेरोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. बारा वाजून गेले होते. दारिओ उठला आणि टायर बघून येतो म्हणत अंगणात गेला, जरा जास्तच हलक्या पावलांनी.  खाट जाणार, सेवेरो रिकामा परतणार आणि मी या फळीवर असाच भरलेला राहणार.

सिल्वाना आणि सेवेरो टेबलाशी त्याचा फोन नंबर कागदावर उतरवत होते. तेवढ्यात मालेना स्टुलावर चढली. महिन्याभरापूर्वीच ती माते ओतायला शिकली होती, तिला दारिओनेच शिकवले होते, एका बऱ्या दिवशी. तिने दोन्ही हातांनी मला खाली काढले.

"तो कशाला काढलास गं?" सिल्वानाने मागे न बघताच विचारले.

"बाबा जात नाहीत ना, म्हणून. आज सगळ्यांना आजोबांच्या भोपळ्यातून. मी ओतणार."

पोरीने माझ्यात डोकावले. "अरे, भरलेलाच आहे," ती स्वतःशीच म्हणाली आणि खूश झाली. आमच्याकडच्या कुणालाही तेच वाटले असते. भोपळ्यात पाला असायचाच, त्याखाली काय आहे ते कोण उकरून बघतो? तिने नळी खुपसली, ती थेट पुडीत शिरली. मग तिने किटली तिरकी केली. गरम पाणी पाल्यातून झिरपत खाली गेले आणि कागद भिजून पूड विरघळू लागली. मला तोंड आहे, पण आवाज नाही. त्या दिवशी मी त्याबद्दल देवाला पहिल्यांदा दोष दिला.

पाला फुगायची वाट बघत ती उभी होती. तेवढ्यात दारिओ हात पुसत दारात आला, आणि त्याने मला तिच्या हातात पाहिले.

"मालेना, तो ठेव. बुरशी आलीय त्याला."

"नाही आली. मी वास घेतला."

"ओतून टाक म्हणतो ना. जुना पाला आहे तो."

"एवढा काही वाईट नसेल, बाबा. आणि पहिला कडूच असतो. पहिला ओतणाऱ्याचा, तुम्हीच शिकवलंत."

तिने मला उचलले. नळीचे टोक तिच्या ओठांपासून बोटभर दूर होते. मी दारिओकडे बघत होतो. त्याच्याकडे अजून एखादे खोटे होते का, ते तो शोधत होता. मला ते स्पष्ट दिसले. दोन ढांगांत तो आला आणि तिच्या हातांसकट त्याने मला पकडले. गरम पाणी त्याच्या मनगटावर सांडले.

"त्यात माझी पुडी आहे," तो म्हणाला.

सिल्वाना ओरडली नाही. तिने मालेनाची हनुवटी धरून ओठ न्याहाळले, पदरासारखे एप्रनचे टोक घेऊन ते पुसले, पुन्हा पुसले. "प्यायलीस का? खरं सांग."

"नाही, आई. लागलंसुद्धा नाही." मग पोरीने बापाकडे पाहिले. "तुम्ही माझी शपथ घेतली होती."

दारिओने मला मोरीत पालथे केले.  आणि मित्रांनो, मी त्याच्या मुठीत होतो म्हणून सांगतो, तेव्हासुद्धा त्याचा अंगठा त्या ओल्या कागदावर क्षणभर रेंगाळला. त्यातले काही वाचेल का, हे तो अंगठा चाचपत होता. ते दारिओला स्वतःलाच कळले. तो मोरीशी वाकून लहान मुलासारखा रडला. मग त्याने नळ पूर्ण सोडला आणि सगळे वाहून जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.

"एवढी एकच होती," तो म्हणाला.

"मी विचारलं का?" सेवेरो म्हणाला.

घड्याळात पाऊण वाजत आला होता. कुणी त्याला जा म्हणाले नाही, कुणी थांब म्हणाले नाही. दारिओ खुर्चीत बसला. त्याने विचारले, "काका, तिथल्या फाटकाला कुलूप असतं का?"

"नाही. वाटेल तेव्हा उठून जाता येतं. पहिल्या महिन्यात मी दोनदा फाटकापर्यंत गेलो होतो."

"असतं तर बरं झालं असतं."

"मलाही तसंच वाटायचं."

"आणि मी आलो, आणि नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं म्हणून सांगशील. आज सांगितलंस ना, तसं."

सिल्वानाने स्टीलच्या पेल्यात नवा पाला घातला. थोडे पाणी टेबलावर सांडले. पहिला तिने घेतला. दुसरा सेवेरोला दिला. मग दारिओपुढे धरला, त्याच्याकडे न बघता. नळीतून खर्र आवाज येईपर्यंत तो पीत राहिला. आम्हा भोपळ्यांना माणसांचे ओठ वाचता येतात. "आभारी आहे" हा शब्द त्याच्या ओठांवर येऊन थांबला होता. तो म्हटला की मोकळा. मग बसणे नाही, पाळी नाही, वाट बघणे नाही. सगळे थांबले होते.

दारिओने पेला मुकाट्याने परत दिला.

दाराआड सिल्वानाने सकाळीच भरून ठेवलेली पिशवी होती. त्याने ती उचलली आणि ट्रकची किल्ली खिळ्याला अडकवली. मालेनाच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, तर ती आईच्या मागे सरकली. तो हात तसाच मागे घेऊन पिकअपमध्ये जाऊन बसला. एकला पाच कमी असताना ते निघाले.

जाण्याआधी सेवेरोने माझे पोट चमच्याने खरवडले होते, अगदी ओस्वाल्दोसारखेच. पुन्हा जीव नकोसा झाला. "ह्याला उन्हात ठेव," त्याने मालेनाला बजावले. "आतला वास पुरता जाईपर्यंत ह्यात कुणी काही घालायचं नाही."

तेव्हापासून मी खिडकीत आहे. मित्रांनो, वापरल्याने भोपळा कधी सडत नाही. ओला असताना झाकून ठेवला, वरवर कोरडा दिसला म्हणून कुणी आत डोकावले नाही, की सडतो. तुमच्या घरातही फळीवर मानाने बसवलेले असे काही असेल, तर ते खाली काढून उन्हात ठेवा. लाज वाटेल, भीतीही वाटेल. मला दोन्ही वाटले, पण लपवलेल्याची भीती याहून मोठी होती.

आज चौथा रविवार. रविवारी दारिओला फोन करता येतो. दोनदा आला, गेल्या रविवारी आला नाही. तो फाटकापर्यंत गेला होता की काय, हे आम्हाला ठाऊक नाही. फोनपाशी कुणी बसत नाही, पण कुणी लांबही जात नाही. मालेना रोज सकाळी माझ्यात नाक घालते. "अजून वास येतो," म्हणते आणि मला पुन्हा उन्हाकडे वळवते.

मग दोघी माते घेतात. सिल्वाना पिते, मग मालेना. तिसऱ्यांदा पेला भरून सिल्वाना तो रिकाम्या खुर्चीपुढे ठेवते, थोडे थांबते आणि स्वतःच पिऊन टाकते. पहिल्यांदा तिने असे केले, तेव्हा मालेना रागावून म्हणाली, "ते इथे नाहीत, आई."

"नाहीये," सिल्वाना म्हणाली. "पण 'आभारी आहे' म्हणून नाही गेला. त्याची पाळी धरावी लागते."