मोटारीचं माळवद

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाय, म्हणून मी मालक म्हणते. मालक कशाचे, तर एका गळक्या मोटारीचे. गावोगाव लोक त्यांना जोतीराम बायस्कोपवाला म्हणून वळखायचे. मोटारीत मागं पडदा, तंबू, हातानं फिरवायचं मशीन, रिळांची ट्रंक, चूल, भांडी आन मी. मान बी ह्याच क्रमानं.

मोटार म्हंजे जुनी लॉरी. छप्पर फळ्यांचं, त्यावर ताडपत्री ठोकलेली. जत्रा करून करून फळ्या खिळखिळ्या झाल्या आन गळाय लागल्या. जी गळती ज्या गावाच्या वाटंवर लागली, तिला त्या गावाचं नाव. चुलीवर बार्शी गळायची, हातरुणावर करमाळं, आन दाराजवळ मंगळवेढं. मंगळवेढं माझं माहेर. ती गळती सुरू झाली की मालक आधी छपराकडं बघायचे, मंग माझ्याकडं.

रिळांच्या ट्रंकेवर मात्र थेंब पडायचा न्हाय. आमची एकुलती एक चांगली वाकळ तिच्यावर असायची. एकदा थंडीनं कुडकुडत मी वाकळ मागितली, तर म्हणतात कसे, "रीळ भिजलं तर पुन्यांदा मिळत न्हाय. तू भिजलीस तर वाळशील." वाळले की. लग्न झाल्यापास्नं तेच करत आले.

तसा धंदा बरा चालायचा, खोटं कशाला बोलू. चित्रं मुकी, तवा बोलायचं काम आमच्याकडं. पडद्याच्या एका अंगाला मालक, दुसऱ्या अंगाला मी. राक्षस, राजे आन म्हातारे त्यांचे. राण्या, सवती आन सासवा माझ्या. मी पडद्यामागं हंबरडा फोडला की तंबूतल्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. मंग सोलापुरात बोलपट आले. पुढल्या जत्रंत लोक तंबूत मुंडकं घालून इचाराय लागले, चित्र आपूआप बोलतं का. मालक सांगायचे, आमी बोलतो की. लोक मुंडकं भाईर काढायचे.

मालक एक दीस गुपचूप थेटरात जाऊन बोलपट बघून आले. जेवून हात धुताना म्हणाले, "आवाज घोगरा हाय. टिकायचं न्हाय हे."

दिवाळीपातुर जत्रा बंद असतात, म्हणून त्या वर्षी पावसाळ्यात आमी सोलापूरच्या अक्कलकोट नाक्याच्या अंगाला अण्णारावांच्या रानाच्या कडंला, चिंचंखाली मोटार लावली व्हती. अण्णाराव भला माणूस. बायको गुरम्मा, घर कानडी, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी. त्यांच्या दारात बसून मी तूर निवडायची, कोंबड्या हाकायची, आन मला वाटायचं, बाई, हितंच ऱ्हावं. सकाळी उठावं तवा भाईर कालचंच झाड असावं. लई मोठी मागणी न्हाय ही. तरी तोंडातनं निघंना. निघालं ते भलतंच. एका रात्री करमाळं धो धो गळालं, आन मी उठून बसले आन म्हटलं, दिवाळीनंतर तुमच्या ह्या मोटारीत मी बसायची न्हाय, तुमी आन तुमची ट्रंक जावा.

मालकांनी इचार केला. म्हणाले, "गळतीपायीच ना? गळती काढली तर बसशील?"

तवाच खरं सांगायचं व्हतं की गळती हे निमित्त हाय. पण रागात माणसाला हातात घावंल तो दगड बरा वाटतो. बसेन म्हटलं. म्हटलं, ही गळती काढायला ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याचं धोतर भिजंल. शब्द देऊन मी निवांत झोपले, म्हंजे ओली झोपले.

मालक दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. आधी सडकंच्या कामावरनं डांबर आणलं. छपरावर जाऊन ब्रशानं असं फासलं की मोटार म्हशीवानी दिसाय लागली. पाऊस उघडला, सोलापूरचं ऊन ते, डांबर पातळ झालं आन फळ्यांच्या फटीतनं खाली उतरलं. आधी पाणी गळायचं, आता डांबर. पाण्याला निदान डाग न्हाय. माझं इरकल लुगडं गेलं. मालक खालनं वर बघत म्हणाले, "फटी कुटं हायत ते तरी कळलं."

मंग राळ आन जवसाचं तेल उकळून लावलं. ते वाळंचना. चिंचंचा पाला चिकटला, कावळ्याची पिसं चिकटली, गुरम्माची कोंबडी उडून वर बसली ती दुपारपातुर सुटंना. मालकांनी तिला सोडवली तवा तिची पिसं छपरावर आन ती निम्मी खाली. गुरम्मा कानडीत बरंच बोलली. मी अण्णारावांना इचारलं, काय म्हणतात त्या, तर ते म्हणाले, पाऊस चांगला हाय यंदा.

माझं बरं चाललं व्हतं. एक उपाय फसला की मी दिवाळीकडं एक पाऊल सरकायची. पण हस्ताचा पाऊस आला आन माझाच माझ्यावर घाला पडला. त्याचं असं झालं की मी काठवटीत पीठ मळत व्हते, आन बार्शी एकदम पिठातच सुरू झाली. भाकरीचं पीठ, त्याची आंबील झाली. माझा तोल सुटला. म्हटलं, आमच्या मंगळवेढ्याला म्हसरांच्या गोठ्यावर सुदा पांढरी माती घातलेली असती, म्हशी कोरड्या झोपतात, आन मी बाईमाणूस हितं थेंब झेलत बसते.

मालक मोटारीतनं उतरले, पावसात उभं ऱ्हाऊन गुरम्माच्या माळवदाकडं बघाय लागले. आमच्या मुलखात कौलं कुटली, पत्रा कुटला? समदी घरं धाब्याची. तुळयांवर लाकडाची किलचं, त्यावर पाला, त्यावर चिखल, आन वर गावठाणाच्या जुन्या पांढरीची माती. ती माती पाणी खाली सोडत न्हाय. आजे-पणजे तिच्याखाली कोरडे मेले. मालकांच्या तोंडावर जो उजेड पडला तो बघून मी घाईनं खाली उतरले. मी म्हटलं, अहो, ती घराला घालतात. ते म्हणाले, "छप्पर ते छप्पर. त्याला खाली काय हाय ते कळतंय व्हय?"

पावसानं जरा उसंत दिली तशी अण्णारावांची बैलगाडी मागून घेतली आन पांढरी आणली. फळ्यांवर लिंबाचा पाला पसरला. चिखल तुडवला, पण कसा, ढेकळं तशीच ठेवून, आन निघाले वर टाकायला. मी खालनं बघत व्हते. मनात म्हटलं, टाकू द्या, गळंल, बरंच हाय. पण वाईट केलेलं काम मला बघवत न्हाय, त्याला काय करू. पदर खोचला आन वर चढले. चिखल पुन्यांदा तुडवला. पांढरी चाळून घेतली, मीठ मिसळलं, गवत उगवू नये म्हणून. थरावर थर दिला, चोपण्यानं चोपला, ढाळ काढला, कडंला पन्हळ बसवली. सांजंला वर उभी ऱ्हाऊन बघितलं, तर असं माळवद माझ्या भावाच्या घरावर सुदा नव्हतं. मला अभिमान वाटला. अशी अक्कल गहाण पडती माणसाची.

मंग हस्त परत आला तो झडच लावून. पन्हळीतनं पाण्याची धार पडत व्हती आन आत टिपूस न्हाय. बार्शी बंद, करमाळं बंद, मंगळवेढं बंद. मालकांनी ट्रंकेवरची वाकळ काढून माझ्या अंगावर घातली. मी ऊन ऊन झोपले, मेल्यागत झोपले. सकाळी जाग आली आन ध्यानात आलं की मी माझ्याच हातानं माझी वाट बंद केली. शब्द दिलाय. आता दिवाळी झाली की पुन्यांदा जत्रा, पुन्यांदा बार्शी, पुन्यांदा करमाळं, पुन्यांदा तंबूत मुंडकं घालून इचारणारे लोक. अंग कोरडं व्हतं आन मला रडाय येत व्हतं.

दसऱ्याला मालकांनी मोटारीची पूजा केली. चाकांना हळदकुंकू, हँडलला झेंडूची माळ. वाफसा आला व्हता, जमीन घट्ट झाली व्हती, म्हणाले सीमोल्लंघन करून येऊ, नाक्यापातुर. मी दिलेला शब्द पाळणारी बाई, मुकाट बसले. हँडल मारलं, इंजीन लागलं, आन मोटार उठंना. वर गाडीभर माती! नाकापेक्षा मोती जड. अण्णारावांनी बैल जुंपून पुढनं वढली तवा कुटं चाकं फिरली. बांध वलांडताना एक हिसका बसला, आन वरनं माझ्या केसात माती पडली. मालकांनी मोटार थांबवली. उतरून मागं आले, माझ्या केसाकडं बघितलं. घागर भरली, छपरावर चढले आन ओतली. समदी माझ्या डोक्यावर आली.

वरनं इचारलं, कुटं गळतंय. म्हटलं, नवीन हाय, ह्याला गाव न्हाय अजून.

परत चिंचंखाली आणली. भेग बुजवली, चोपली, वाळू दिली. पाणी ओतलं, थेंब न्हाय. बांधापातुर नेली, भेग. परत आणली, बुजवली, थेंब न्हाय. हलवली, भेग. असा कारभार कैक दीस चालला. अण्णाराव बैल सोडंचनात, म्हणाले, असू दे, लागतीलच. उभी असली की माळवद, चालली की चाळण. गुरम्मा वट्ट्यावर बसून बघायची आन कानडीत हसायची.

शेवटी एकदा मालक घागर घेऊन वर चढाय लागले तवा मी शिडी धरली आन सोडलीच न्हाय. म्हटलं, "गळू दे न्हाय तर नको गळू दे. मला हिंडायचं न्हाय आता. कोण येणार हाय तुमच्या चित्राला? पडद्यामागं मी कुणासाठी रडू?"

शिडीवर उभे ते तसेच उभे ऱ्हायले. घागर खांद्यावर. बोलल्यावर मला वाटलं, जीभ झडली असती तर बरं. आपलं माणूस हाय, कोण येणार न्हाय ते त्याला ठावं व्हतं, त्याला तोंडावर सांगायची काय गरज व्हती. ते खाली उतरले, घागर चिंचंच्या बुडात ओतली आन सांजपातुर रानात कुटंतरी गेले. झोपताना त्यांनी ट्रंक उघडली, एक एक रीळ हातात घेऊन फडक्यानं पुसलं आन परत ठेवलं.

सकाळी खडबडीनं मला जाग आली. भाईर बघते तर मोटारीच्या आसाखाली दगड रचलेले, आन मालक जमिनीवर बसून चाक काढत्यात. एक निघालं व्हतं, चिंचंला टेकवून ठेवलं व्हतं. दसऱ्याचं कुंकू त्यावर तसंच. मी काय इचारायच्या आत तेच बोलले. माझ्याकडं बघितलं न्हाय, नटाकडं बघत बोलले.

"गळतीचं सापडलं," म्हणाले. "छपरात दोष न्हाय. काम झ्याक झालंय. चाकांपायी हादरतंय समदं. चाकं काढली की गळायचं न्हाय."

दुखणं म्हशीला आन डाग पखालीला म्हणतात, तसं हे. पण म्हैस कुटली आन पखाल कुटली, हे आमाला दोघांना बी कळत व्हतं. मी व्हय म्हटलं. म्हटलं, मला बी तसंच वाटत व्हतं.

इतकी वर्षं मी ह्या दिवसाची वाट बघितली. वाटायचं, मोटार थांबली की मी गावभर साखर वाटीन. आन आता समोर मालकांची वाकलेली पाठ व्हती. पडद्यामागं मी लई रडलेय, पण त्यातलं एक बी रडू असं नव्हतं. मी तिथंच बसले आन खरंखरं रडले. मालकांनी थांबवलं न्हाय. त्यांचे बी डोळे भरले व्हते, ते त्यांनी बाहीला पुसले आन बाहीचं ग्रीस गालाला लागलं.

एक एक करून चाकं निघाली. शेवटच्या चाकाचा एक नट गंजून गच्च बसला व्हता. मालकांनी जोर लावला, शिवी दिली, रॉकेल सोडलं, पुन्यांदा जोर लावला. नट हलंना. हात सोलून निघाले. तसे पाना तिथंच ठेवून मांडीवर हात टाकून बसले, आन मला वाटलं, ह्यांचं मन फिरतंय. फिरलं असतं तरी मी काय बोलले नसते.

मी उठले. म्हटलं, सरका जरा. पान्याच्या दांड्यावर पाय दिला, आन तोल जाईल म्हणून मालकांच्या खांद्यावर हात ठेवला, भर दिवसा, उघड्यावर. गुरम्मा वट्ट्यावरनं बघत व्हती. मालकांनी दोन्ही हातांनी दांडा धरला. दोघांचं वजन पडलं तवा नट कुरकुरला आन सुटला.