गरम बाक

माझ्या धाकट्या बहिणीची लाँच आहे. या काठावरून त्या काठावर दिवसाला बारा फेऱ्या, एका वेळी चाळीस माणसं. दुसऱ्या दिवशी लाँचची वार्षिक तपासणी होती आणि तपासनीसाने आधीच बजावलं होतं, की यंदा जुना स्विचबोर्ड चालणार नाही. प्रत्येक सर्किटला योग्य ब्रेकर दिसला नाही तर परवाना मिळणार नव्हता आणि लाँच काठालाच बांधून ठेवावी लागणार होती. म्हणून मी पिशवी घेऊन आलो. बोटींची वायरिंग करण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

"दादा, असा ब्रेकर दे जो पडणारच नाही," धाकटी म्हणाली.

"मिळतो तसा. त्याला खिळा म्हणतात."

"थट्टा नको. भर पाण्यात पंपाचा ब्रेकर पडला तर बोटीत पाणी भरेल."

तिचं चूक नव्हतं. पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तिथून पाणी झिरपतं, त्यामुळे पाणी उपसायचा पंप जवळजवळ फेरीभर चालू असतो. तरीही मी तिला समोर बसवून शिकवणी घेतलीच.

"हे बघ, ब्रेकर पंपासाठी नसतो, वायरसाठी असतो. पंप जळला तर पंप जातो, वायर जळली तर बोट जाते. म्हणून आधी वायर बघायची, ती किती सोसते ते ठरवायचं आणि ब्रेकर त्याच्या आतला घ्यायचा."

"आणि पंपाला त्याहून जास्त लागलं तर?"

"तर का लागतंय ते शोधायचं. नाहीच सापडलं तर वायर जाड टाकायची. नुसता ब्रेकर मोठा करायचा नाही. ज्याला एवढं कळत नाही त्याने बोटीला हात लावू नये."

मग कागदावर यादी केली. दिव्यांना दहा अँपिअर, भोंग्याला दहा, वायरलेसला पाच, पंपाला पंधरा. सगळे बॅटरीच्या सर्किटसाठीचे ब्रेकर होते, कारण घरातला ब्रेकर बॅटरीचा प्रवाह नीट तोडेल याचा भरवसा नसतो. यादी करून झाल्यावर बोर्डाचं झाकण उघडलं आणि माझं डोकं फिरलं. पंपाच्या वायरवर तीस अँपिअरचा ब्रेकर बसवलेला होता. वायर होती अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, तीसला फारच बारीक.

ती वायर मागच्या कोपऱ्यातल्या बाकाच्या आतून पंपाकडे जाते. बाकाची फळी काढली. वायरचं आवरण तपकिरी पडलेलं, नखाने टोकरलं तर पोपडे निघाले. फळीच्या आतल्या बाजूला बोटभर रुंद काळा पट्टा उमटला होता. चाळीस माणसं बसतात त्या बोटीत! मला राग आला आणि भीतीही वाटली.

मी तिथल्या तिथे इंजिनवाल्या मेस्त्रीला फोन लावला. सगळी दुरुस्ती हातोड्याने करतो म्हणून त्याला आम्ही ठोक्या म्हणतो.

"लाज वाटते का रे तुला? तीसचा ब्रेकर?"

"दादा, मी बोर्डाला हात लावत नाही."

"मग काय भुताने बसवला?" असं म्हणून मी फोन ठेवला. धाकटीने मला चहा दिला आणि ती तिकीटघराकडे गेली.

मी ब्रेकर उपसून काढला. माझी एक सवय आहे. बसवलेल्या प्रत्येक ब्रेकरच्या आतल्या बाजूला, जी बसवल्यावर दिसत नाही, मी निळ्या मार्करने तारीख लिहितो आणि खाली एक रेघ मारतो. या ब्रेकरवर तारीख होती. खाली रेघही होती. दोन वर्षांपूर्वीची तारीख.

मग सगळं आठवलं. मुलीकडे निघालो होतो, गाडीची वेळ झालेली, धाकटीचा फोन आला की पंपाचा ब्रेकर सारखा पडतोय. वाटेत दहा मिनिटं थांबलो, पिशवीत तीसचा होता तो ठोकून दिला. वायर नंतर बदलू म्हणालो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी ब्रेकर खिशात घातला. सहाची नवी वायर ओढली. पंप उघडला तर आत जाळ्याची नायलॉनची दोरी गुंडाळलेली निघाली. एवढ्याचसाठी तो बिचारा जास्त ओढत होता आणि ब्रेकर पडून तेच सांगत होता. दोरी काढल्यावर पंप तेरा अँपिअरवर आला. तेराला पंधरा अगदीच काठावर, नवी वायर भरपूर सोसणारी, म्हणून वीसचा बसवला.

"कुणी केलं होतं ते?" धाकटीने संध्याकाळी विचारलं.

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

सकाळी तपासनीस आला, बोर्ड पाहून "काम करावं तर असं" म्हणाला आणि शिक्का मारून गेला. मी ते कौतुक ऐकून घेतलं आणि पहिल्या फेरीला लाँचवर चढलो.

रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या एक नर्सबाई मागच्या कोपऱ्यात, सुकाणू धरलेल्या धाकटीजवळ बसल्या. बसल्या त्या लगेच बाकावर हात फिरवू लागल्या.

"आज गार कसं?" त्यांनी धाकटीला विचारलं. "रात्रभर उभं राहून गुडघे धरतात माझे. इथे बसलं की छान शेक मिळतो. दोन वर्षं ही जागा सोडली नाही मी. परवा एका आजोबांशी भांडले या जागेवरून."

"इंजिनची ऊब असेल हो," धाकटी म्हणाली. मग तिचं तिलाच काहीतरी लक्षात आलं, कारण इंजिन पुढे आहे. तिने माझ्याकडे पाहिलं.

त्या बाई दोन वर्षं, रोज, त्या काळ्या पट्ट्यावर बसत होत्या.

"बाई, तो शेक नव्हता," मी म्हणालो. "खाली वायर जळत होती. ब्रेकर मी चुकीचा बसवला होता." खिशातून तो काढून मी धाकटीच्या हातात दिला. तिने तो उलटा केला, तारीख वाचली, रेघ पाहिली. सुकाणूवरचा दुसरा हात तिने हलवला नाही.

नर्सबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. बाकीची माणसंही माझ्याकडे बघत होती.

"फोन लाव," धाकटी म्हणाली.

"कुणाला?"

"ज्याला काल लावला होतास त्याला. आणि स्पीकरवर टाक, सगळ्यांना ऐकू दे."

मी लावला. तीन रिंग वाजल्या.

"बोला दादा," ठोक्या म्हणाला, "आज काय केलं मी?"