तिसऱ्या दिवसाची झोप

जिल्हा मुंबई राज्यात जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी दवाखान्याच्या पाटीवरची उर्दू अक्षरं कुणी पुसली नव्हती. चारठाण्याकडे जाणाऱ्या सडकेवरचा तो दोन खोल्यांचा दवाखाना सुमंगला नर्स एकटीच सांभाळायची. डॉक्टर अण्णासाहेब सोमवारी आणि गुरुवारी जिंतूरहून बसनं येत. सुमंगलाचं वय तेवीस. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, तेव्हा वडिलांनी भावकीचं बोलणं अंगावर घेऊन तिला शिकायला पाठवलं. त्या शिक्षणावर तिचा फार जीव होता. वह्यांमधलं पानन् पान तिला पाठ होतं.

पौषातल्या एका सोमवारी, डॉक्टर परतल्यावर, मेंढरांचा कळप सडकेनं चालला होता. कळपामागची भिवराबाई चालता चालता खाली बसली. दिवस भरायला अजून महिना होता. सासू कासाबाईनं तिला ओसरीवर आणलं आणि दिवस मावळायच्या आत जचकी झाली. मुलगा झाला.

सुमंगला शिकली होती तसं सगळं तिनं केलं. बाळाला कोरडं पुसून आईच्या पोटावर ठेवलं. नाळेच्या मुळाशी बोट धरून ठोके मोजले, श्वास मोजला. ओठ गुलाबी होते. तोंडात बोट घालून टाळूला फट नाही ना ते पाहिलं. तळपाय उजेडात धरले, तर रेघा फक्त बोटांपाशीच उमटलेल्या, म्हणजे दिवस खरंच अपुरे होते. वजन साडेचार पौंडांपेक्षा थोडं कमी भरलं. पण हातात बोट दिल्यावर त्यानं मूठ घट्ट मिटली, तेव्हा ती हसली.

पहिलं पिवळं दूध फेकू नका हे सांगायची तिनं तयारी ठेवली होती. या भागात तीन दिवस गुळाचं पाणीच पाजायचे. पण कासाबाईनंच सुनेला सांगितलं की चीक पाज, चिकावाचून कोकरूसुद्धा तगत नाही. सुमंगलाला नवल वाटलं, बरंही वाटलं. बाळ दोन घोट ओढून दमायचं, म्हणून तिनं वाटीत दूध पिळून चमच्यानं पाजायला शिकवलं. दर दोन तासांनी पाजायचं, असं बजावलं.

कळपानं जवळच्या रानात तळ टाकला आणि सासू-सून दवाखान्यातच राहिल्या. दोन दिवस बाळ सारखं कुरकुरत राहिलं. बुधवारी सकाळी गप झालं. भिवराबाईही डोळे मिटून पडली होती. दोघांना असं निवांत पाहून सुमंगलाला समाधान वाटलं. दुपारी कासाबाई चुलीपासून उठून तिच्याकडे आली.

"बाई, सकाळधरनं त्यानं तोंड उघडलं न्हाई. कळपात जे कोकरू वरडत न्हाई, त्याला आमी आधी उचलतो."

"आजी, माणसाचं लेकरू म्हणजे कोकरू नव्हे," सुमंगला म्हणाली. "नवं बाळ वीस-वीस तास झोपतं. झोपेतच वाढतं ते. झोपू द्या."

तरी तिनं बाळाच्या कपाळावर अंगठा दाबून पाहिला. कातडी पिवळसर दिसली. तिसऱ्या दिवशी अशी कावीळ येते आणि आपोआप जाते, हे तिला ठाऊक होतं. थंडी होती, म्हणून दुपटं सोडून पोट आणि पाय पाहिले नाहीत. झोपमोड नको म्हणून वजनही केलं नाही. नोंदवहीत तिनं लिहिलं: रंग किंचित पिवळा, झोप शांत. चारची बस सडकेवरून जिंतूरला गेली. तिच्या कंडक्टरजवळ डॉक्टरांना निरोप देता आला असता.

गुरुवारी सकाळी तिनं दुपटं उघडलं तेव्हा बाळ तळपायांपर्यंत हळदीसारखं पिवळं झालं होतं. अंग गार, हातपाय लुळे. टाचेवर टिचकी मारली, तर मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज निघाला आणि थांबला. तिनं त्याला आईच्या उघड्या छातीशी धरलं, वरून घोंगडी घातली. दुधाचा थेंब ओठांत सोडला, तो कोपऱ्यातून बाहेर ओघळला. अकराच्या बसनं अण्णासाहेब आले. त्यांनी बारीक नळीनं साखरेचं पाणी पोटात घातलं, इंजेक्शन दिलं. तीन वाजता बाळाचा श्वास थांबला. पाचवी पुजायचीही राहिली.

एवढी लहान मुलं मोठ्या इस्पितळातही कितीतरी जातात, असं अण्णासाहेब म्हणाले. मग सुमंगलानं त्यांना बुधवारचं सगळं सांगितलं.

"सुस्त बाळ आणि झोपलेलं बाळ सारखंच दिसतं," ते म्हणाले. "उठवून पाजून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही."

बाप उमाजी तळावरून आला आणि बाळाचं गाठोडं घेऊन ओढ्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी भिवराबाईचे स्तन दगडासारखे झाले. सुमंगलानं छातीला फडकं आवळून बांधलं, ते तासाभरात भिजलं. शनिवारी कळप पुढं गेला. जाताना कासाबाईनं सुमंगलाच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं चार शब्द सुनावले असते तर सोसलं असतं, असं सुमंगलाला वाटलं.

त्या वर्षात तिच्याकडे एकोणीस जचक्या झाल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती प्रत्येक बाळ उन्हात उघडं करून पाही, टाचेला टिचक्या मारून जागं करी, ओली फडकी किती झाली ते विचारी. निजलेलं लेकरू रडवते म्हणून बायका कुरकुरत.

पुढच्या पौषात कळप पुन्हा त्या सडकेनं आला, तेव्हा भिवराबाई एकटीच ओसरीवर येऊन बसली. पायात काटा मोडला होता. काटा काढून झाल्यावर सुमंगलाच्यानं राहवेना.

"भिवराबाई, त्या बुधवारी मी त्याला उठवायला पाहिजे होतं. आजींनी सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

भिवराबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"मलाबी सांगितलं हुतं, बाई. दोनदा हलवलं मला. दोन दिस डोळ्याला डोळा नव्हता. ते गप झालं तसं मला लय बरं वाटलं. म्या म्हनलं, निजू द्या." तिनं सडकेवरच्या कळपाकडे पाहिलं. "हे कुनाला सांगितलं न्हाई अजून. मालकालाबी न्हाई."

सुमंगला तिच्याजवळ खाली जमिनीवर बसली. नाव काय ठेवणार होतात, असं तिनं विचारलं.

"सटवाजी. सासऱ्याचं."

"सटवाजी," सुमंगला म्हणाली, आणि वर्षभर अडलेलं रडू तिला तिथं ओसरीवर फुटलं. भिवराबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. कळप सडकेनं बराच पुढं गेल्यावर ती उठली आणि लंगडत त्याच्या मागं निघाली.