कोरी वात

जुना हीटर दुरुस्त झाला तर झहूरचे नव्या हीटरचे पाच दिनार वाचत होते, शिवाय अब्रूही. आखातात, अहमदीच्या वर्कशॉपात तेल कंपनीचे पंप चालते करणारा हा फिटर. फिंतासमधल्या भाड्याच्या खोलीत रॉकेलच्या हीटरपुढे त्याने हात टेकले असते, तर लोकांनी ती चेष्टा वर्षभर पुरवून पुरवून खाल्ली असती.

जुम्म्याची सुट्टी होती. अकरा हिवाळे पाहिलेला हीटर वर्तमानपत्रावर उघडून तो बसला होता. शेजारचा कमाल दारातूनच म्हणाला, "झहूरभाई, हीटर हाय का हुक्का? ऊब कमी नि धूर जास्त!"

"वात बदलतोय. अजून दहा वर्सं चालंल."

"तो चालंल वो," खोकल्यातून वाट काढत झहूरची बायको ताहिरा म्हणाली, "माजा काय ता सांगा."

डॉक्टरने दोनदा बजावलं होतं: खोली उबदार ठेवा, धूर नको. पण खिडकी उघडली की धुराबरोबर ऊबही जाई, आणि लावली की धूर मुक्कामाला राही. शेवटी झहूरने हार मानली. तो बसने शहरात जाऊन नवा हीटर घेऊन आला.

खोकं उघडलं तशी ताहिरा चटईवरून उठली. निळा रंग, काचेची इवली खिडकी, कोरी पांढरी वात. तिने ओढणीच्या टोकाने काच पुसली.

"येवडा नामी हीटर हितं काळा करायचा? पुठ्ठा फाडू नका. गावाला नेव."

झहूरला हेच ऐकायचं होतं. खाटेखाली थर्मास होता, कपांचा सेट होता, दोन जाड ब्लँकेटं होती. सगळं कोरं, सगळं दापोलीकडच्या घरासाठी. इथे दोघं कान तुटलेल्या कपातून चहा पीत.

"गावात थंडी कुठाय?" कमालने विचारलं.

"थंडी नसंना. लोका तरी बघतील!" झहूर म्हणाला.

ताहिरा हसली आणि बराच वेळ खोकत राहिली. जुना हीटर चौथ्यांदा दुरुस्त झाला.

फेब्रुवारीत तिचा श्वास घरघरू लागला. झहूर घाईघाईने खोक्याची दोरी सोडायला बसला, तर तिनेच त्याचा हात धरला. "आता कशाला? थंडी सरलीच."

तिला फिंतासलाच माती दिली.

मे महिन्यात झहूरने स्टीमरचं एकच तिकीट काढलं. गावी अंगणात खोकं उघडलं तेव्हा घामाने निथळणारी माणसं भोवती दाटली.

"ह्येत शिजवतात काय?" बहीण जमिलाने विचारलं.

झहूर काच पुसत राहिला. ती स्वच्छच होती.

हीटर आता पुढच्या खोलीत टेबलावर असतो, वर क्रोशाचा रुमाल. जमिला दर जुम्म्याला धूळ झटकते. वात अजून पांढरी आहे.

पाच दिनार झहूरने मोजले. बाकीची किंमत ताहिराने.