हृदयाभोवतीचं जाळं

प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘गवंडी’ म्हणत. हे नाव बाईंनीच पाडलेलं. बाई हृदयाच्या स्नायूपेशींवर काम करत आणि हृदयात पेशींपलीकडे बघण्यासारखं काही असतं, हे त्यांना मान्यच नव्हतं. गवंडी मात्र त्या पेशींना धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या जाळ्याचा अभ्यास करायचा.

“लोक घरातल्या माणसांची चौकशी करतात, हा भिंतींची करतो,” असं बाई चहाच्या वेळी त्याच्या तोंडावरच म्हणत. तो हसून बिस्किट चहात बुडवायचा. मेल्याला अपमानसुद्धा धड कळत नाही, असं बाईंना वाटे.

नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाला इजा झाली, तर नवा स्नायू येऊन ते भरून निघतं. आठवडा उलटला की हा गुण जातो आणि जखमेवर नुसता वण धरतो. बाईंचं मत सरळ होतं: पेशी आळसावतात, त्यांना जरा डिवचलं पाहिजे. त्यांनी तसं औषध शोधलंही. काचेच्या बशीत पेशी भराभर वाढल्या. मोठ्या पिल्लांच्या हृदयात मात्र ढिम्म. पुन्हा करून बघितलं, पुन्हा वणच.

“बशीत पेशींखाली मऊ थर होता ना?” गवंड्याने विचारलं.

“मग?”

“आठवडाभरात हृदयातलं जाळं ताठ होतं, मॅडम. पेशीला कूस बदलायला जागा उरत नाही. जाळं मऊ ठेवणारं औषध माझ्याकडे आहे. दोन्ही एकत्र देऊन बघू.”

“म्हणजे तुम्ही भिंती मऊ करणार आणि माझ्या पेशी नाचणार?”

“बघायला काय जातं?”

बाई तयार झाल्या, त्या केवळ त्याचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून.

दोन्ही औषधं दिलेल्या हृदयाचा पहिला पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बाईंनी तो लगेच काढून पुन्हा लावला. वण असायला हवा होता तिथे ताजा स्नायू होता. नुसतं त्यांचं औषध दिलेल्या हृदयात वण, नुसतं त्याचं दिलेल्यातही बराचसा वण. कापांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून बाईंनी स्वतः नवे काप घेतले. तेही तसेच निघाले.

घरी थोरल्या बहिणीने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे तो जिंकला.”

“पेशी माझ्याच आहेत, ताई.”

“बरं, तुझ्याच. पण जिंकला तो,” म्हणत ताईने ताटं उचलली.

गवंड्याने शोधनिबंध लिहून आणला. पहिलं नाव बाईंचं होतं. त्यांनी चुका हुडकायचा प्रयत्न केला. दोन स्वल्पविराम सापडले. त्याने जरा तरी नाक वर करायला हवं होतं, मग त्याची लायकी काढता आली असती.

“नाव दुसरं आलंय, वाईट नाही वाटत?” बाईंनी विचारलं.

“वाटतं की. पण पहिलं घेतलं असतं, तर वर्षभर तुमची कटकट ऐकावी लागली असती.” तो नेहमीसारखाच हसला. “चहाच्या वेळी ऐकतो तेवढी पुरे आहे, मॅडम.”

इतकी वर्षं आपण त्याला कमी लेखत होतो, तेव्हा तो आपल्याला काय लेखत होता, हे बाईंच्या आत्ता ध्यानात आलं. तोवर तो निघूनही गेला होता. मग त्यांनी स्वल्पविराम दुरुस्त केले आणि निबंध पाठवून दिला. नावांचा क्रम त्यांनी बदलला नाही.