गिटारच्या आतला हात

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मनमाडहून साडूचा फोन आला, तेव्हा मी भद्रकालीतल्या माझ्या दुकानात सुनील नावाच्या गिऱ्हाइकाच्या गिटारच्या तारा उतरवत होतो. माझी बायको जैतुन दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती. साडू म्हणाला, "लियाकतभाई, चहा घेता घेता बसल्या जागी गेली. दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता." मी उरलेली तार उतरवली, गुंडाळून ठेवली आणि मग शटर ओढलं. ती तार तेव्हा का उतरवली, मला सांगता येणार नाही. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर दफन झालं.

मी गिटार दुरुस्त करतो. साध्या गिटारमध्ये पिकअप बसवणं हे माझं मुख्य काम. पिकअप म्हणजे एक बारीक फीत. तारा ज्या हाडावर टेकतात त्याच्याखाली ती बसते आणि मग गिटार स्पीकरला जोडता येते. तिची वायर आत न्यायला, ते हाड जिच्यात बसतं त्या घोडीतून छिद्र पाडावं लागतं. घोडीच्या खाली, गिटारच्या पोटात, लाकडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. तारांचा ताण त्या पेलतात. छिद्र पट्टीत गेलं तर पट्टी कमजोर होते आणि काही महिन्यांत वरची फळी फुगते.

माझा पंजा जाड आहे, गिटारच्या तोंडातच, म्हणजे मधल्या गोल भोकातच, अडकतो. जैतुनचा हात कोपरापर्यंत जायचा. ती बांगड्या काढून हात आत घालायची आणि पट्टीच्या कडेला बोट ठेवायची. मी वरून ड्रिलच्या टोकाने टकटक करायचो. ती म्हणायची, "अजून इकडे. अजून थोडं. हां, आता खाली मोकळं आहे, इन्शाचे अब्बा." एकोणीस वर्षं असं चाललं. बाकीचे कारागीर आरसा वापरतात. मला कधी लागला नाही.

नवव्या दिवशी सुनील दुकानात आला. तो पेठकडचा आहे, दिंडोरीच्या वायनरीत शनिवार-रविवार पाहुण्यांसमोर गातो. मयतीलाही आला होता.

"भाई, घाई नाय," तो म्हणाला. "पण शनिवारी लय मोठी पार्टी हाय. माइकसमोर गिटार धरून बसलो की मागचे लोक म्हणतात, हा नुसताच हात हलवतोय."

"शनिवारी सकाळी घेऊन जा," मी म्हणालो.

माझी मुलगी इन्शा मालेगावहून माझ्याकडे राहायला आली होती. तिला हे कळलं.

"अब्बा, मी हात घालते. माझा हात अम्मीसारखाच आहे."

"तुला जमणार नाही."

"न घालताच कळलं?"

"भाजी टाकायची असेल ना तुला."

"भाजी झाली."

मी गिटार माझ्याकडे ओढली. ती जागा मला कोणालाच द्यायची नव्हती.

मी दाढीचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन एकटाच बसलो. आरशात पट्टी दिसली. पण तोंडातून आत जाताना आरसा तिरका झाला होता आणि माझा अंतराचा अंदाज चुकला. ड्रिल घोडीतून गेलं, फळीतून गेलं. जिथे ते मोकळं व्हायला हवं होतं तिथे झालं नाही, लाकडातच पुढे जात राहिलं. मी थांबलो तोवर उशीर झाला होता.

इन्शा चहा घेऊन आली. माझ्याकडे पाहून तिने कप खाली ठेवला.

"पट्टीत गेलं?"

"गेलं."

या वेळी तिने मला विचारलं नाही. बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि हात आत घातला. "कड फुटलीय," ती म्हणाली. "नखाएवढा तुकडा हलतोय."

मी तिच्या बोटावर गोंद दिला. तिने चाचपडत तो चिरेत भरला आणि तुकडा दाबून धरला. तुकडा दाबून ठेवणारा छोटा शिकंजा आत लावायला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

"अम्मी अशा वेळी गप्प बसायची?" तिने विचारलं.

"छे. शेजाऱ्यांची भांडणं सांगायची."

"मग मी सासूची सांगते."

तिने सांगितली. मी बऱ्याच दिवसांनी हसलो.

शनिवारी सुनील आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने मोबाइलचा उजेड पाडून आत पाहिलं.

"मला तर काय बी दिसत नाय. नसतं सांगितलं तरी चाललं असतं की."

"पावसाळ्यात फळी वर आली असती. मग कळलं असतं."

त्याने मोबाइल खिशात ठेवला. "मित्राची घेऊन जातो आज. ही ऱ्हाऊ द्या इथंच. दुसऱ्याकडे नेली तर तो बी चुकणारच, आणि सांगणार नाय."

आठवडाभर गोंद वाळू दिला. मग चुकलेलं छिद्र लाकडाची खुंटी घालून बुजवलं, इन्शाचं बोट आत ठेवून दुसरं पाडलं आणि पिकअपची फीत बसवली. दुसऱ्याच दिवशी तिला सासरी जावं लागलं, तिच्या सासूचं ऑपरेशन ठरलं होतं. कधी परत येईल हे तिलाही माहीत नाही.

आवाज कमी-जास्त करायचा डबा, म्हणजे प्रीअँप, गिटारच्या बाजूला बसतो. तिथलं लाकूड पातळ असतं. करवत चालवताना आतून कोणालातरी तळहात लावून धरावं लागतं, नाहीतर ते तडकतं. सुनीलच्या गिटारवर मी पेन्सिलने चौकोन आखून ठेवला आहे. तो अजून कापलेला नाही.