पाठीचा फोटो

आठवीत गेल्यापासून प्रेमलताला घरी आणि शाळेत एकच वाक्य दिवसातून दहादा ऐकावं लागे. सरळ उभी राहा.

तिचे बाबा, कवडू, लकडगंजातल्या एका लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला होते. त्यांचं म्हणणं, सगळा दोष बस्त्याचा, म्हणजे दप्तराचा. "एकाच खांद्यावर लटकवते, मंग खांदा वाकडा नाही होईन तर काय होईन?" आई, कौसल्या, घरीच आळीतल्या बायांचे ब्लाउज शिवायची. नववीच्या गणवेशाचा निळा स्कर्ट तिनं स्वतः शिवला, पण तो प्रेमलताच्या अंगावर एका बाजूनं वर चढायचा. कौसल्यानं तीनदा टीप उसवून पुन्हा घातली. "माहा हातच बिघडला वाटते," असं ती पुटपुटायची.

घरात कोणी नसलं की प्रेमलता भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पाठीची उजवी बाजू भिंतीला टेकायची, डावी टेकायचीच नाही. तिनं उशी सोडली, चटईवर झोपून पाहिलं, बस्त्याचा खांदा बदलला. काही फरक पडला नाही. आपण आळशी आहोत, मनापासून प्रयत्न करत नाही, असं तिनं शेवटी स्वतःशी ठरवून टाकलं.

१९७७ सालच्या डिसेंबरात सव्वीस जानेवारीच्या कवायतीची तालीम सुरू झाली. कवायत घेणाऱ्या रेवतकर बाई कडक. हातात लाकडी पट्टी घेऊन त्या रांगांच्या मागून फिरायच्या. "प्रेमलता, खांदा!" म्हणत पट्टी हलकेच खांद्यावर टेकवायच्या आणि मुली खुसखुसायच्या.

त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना खाली वाकून पायाचे अंगठे धरायला सांगितले. प्रेमलता वाकली. मागून येणारी चपलांची चाहूल तिच्यापाशी थांबली. मग बाईंचा हात तिच्या पाठीवर आला, डावीकडे, मग उजवीकडे.

"अशीच राहा," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं, "उठ." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

शाळा सुटताना त्यांनी एक चिठ्ठी दिली. वाकल्यावर मुलीच्या पाठीची उजवी बाजू उंच दिसते, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, एवढंच तिच्यात लिहिलं होतं.

कवडूनं कामावरून सुट्टी घेतली आणि तिघं मेडिकलला गेले. त्यांच्याच वस्तीतले रुपराव तिथं वॉर्डात कामाला होते. "जय भीम कवडूभाऊ, इकडून या," म्हणत त्यांनी एक्स-रेची खोली दाखवली. दुपारी डॉक्टर बोकारेंनी पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मणक्यांची माळ मधोमध उजवीकडे झुकून पुन्हा जागेवर आली होती. प्रेमलता बघतच राहिली. आपल्या आत हे असं आहे, याची तिला कल्पनाच नव्हती.

"याला स्कोलिओसिस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "वाढीच्या वयात कण्याला असं वळण येतं. मुलींमध्ये जास्त."

"बस्त्यानं झालं का साहेब?" कवडूनं विचारलं.

"नाही."

कौसल्या पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. "हे पोटात होती तवा मी पाण्यानं भरलेले गुंड डोक्यावर उचलत होती. त्यानं तर नाही?"

"नाही बाई. तुमच्यामुळं काही झालेलं नाही."

मग प्रेमलतानं हळूच विचारलं, "मी वाकडी बसते, म्हणून झालं का?"

"वाकडं बसून असं होत नाही. तू कितीही ताठ बसली असतीस तरी हे झालंच असतं. कारण आम्हालाही ठाऊक नाही, पण तुझी चूक नाही हे नक्की."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. डॉक्टरांना वाटलं, पोरगी घाबरली. "जिवाला काही धोका नाही," ते म्हणाले. तिनं मान हलवली. ती घाबरून रडत नव्हती. जे आपल्या हातातच नव्हतं, त्यासाठी ती दीड वर्ष स्वतःला दोष देत आली होती.

डॉक्टरांनी फोटोवर पेन्सिलीनं रेघा मारून कोन मोजला. चोवीस डिग्री. खेळायला, धावायला हरकत नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा, आणि वळण वाढलेलं दिसलं तर कंबरेपासून हनुवटीपर्यंत येणारा लोखंडी पट्ट्यांचा आणि चामड्याचा पट्टा रात्रंदिवस बांधायचा. त्यांनी कागदावर त्याचं चित्र काढून दाखवलं.

संध्याकाळी जेवताना कवडूनं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सांगितलं, "आजपासून या घरात कोणी तिले सरळ राहा म्हणायचं नाही."

कौसल्यानं मान डोलावली आणि म्हणाली, "पण बाहेर कोणाले सांगू नको वं. उद्या लग्नाच्या वेळी लोक हजार गोष्टी करतीन."

भीती आली ती त्यानंतर. डोळे मिटले की प्रेमलताला कागदावरचं ते चित्र दिसायचं. वर्गात तिच्यामागे कोणी बसू नये म्हणून ती शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागली. पाठ झाकायला रोज स्वेटर घालू लागली. जानेवारीत ते खपून गेलं. फेब्रुवारीत मुली चिडवू लागल्या. मार्चमध्ये दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायला लागलं, तरी स्वेटर अंगावरच होता. शेवटी एके दिवशी मैदानावर तिला भोवळ आली.

रेवतकर बाईंनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. "इतक्या गरमीत स्वेटर काहून घातला?"

सांगू नको, असं आईनं बजावलं होतं. पण प्रेमलताच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. फोटो, चोवीस डिग्री, पट्टा, लग्न.

"माझं चुकलं, प्रेमलता," त्या म्हणाल्या. "वर्षभर मी तुला मुलींसमोर बोलत होते. आधी नीट पाहायला पाहिजे होतं."

शिक्षकांनी अशी चूक कबूल केल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. "तुम्हीच तर ओळखलं, बाई," ती म्हणाली आणि स्वेटर काढून मांडीवर घेतला. घामानं ओल्या पाठीला वारा लागला. किती बरं वाटलं!

घरी आल्यावर स्वेटर हातात पाहून कौसल्या दचकली. "कोणी पाहिलं तर?"

"सगळ्यांनी पाहिलं, आई. शेजारच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, मी सांगून टाकलं. दुखते का, एवढंच विचारलं तिनं. लपवून लपवून मी थकून गेली."

कौसल्या मशीनवरून उठली. तिनं टेप आणला, लेकीला उभं केलं आणि दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेतली. आजवर ती एकाच बाजूचं माप घ्यायची. स्कर्ट उसवून तिनं एका बाजूला दोन बोटं कापड सोडलं. सकाळी प्रेमलतानं तो घातला तेव्हा घेर चारी बाजूंनी सारखा पडला होता.

जूनमध्ये तिघं पुन्हा मेडिकलला गेले. बाकड्यावर शेजारी मौदा गावाहून आलेली एक बाई होती, प्लास्टर घातलेल्या नातवाला घेऊन. "तुमच्या पोरीले काय झालं वं?" तिनं विचारलं. प्रेमलतानं आईकडे पाहिलं. कौसल्या म्हणाली, "पाठीचा कणा जरासा वळला आहे. वळण वाढलं की नाही ते पाहाले आलो." बाई म्हणाली, "होईन बरोबर," आणि नातवाला केळं सोलून देऊ लागली.

डॉक्टर बोकारेंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले, रेघा मारल्या, पुन्हा मोजलं.

"चोवीसच आहे. वाढलेलं नाही."

"मंग पट्टा?"

"आता नको. अजून दोन वर्षं हिची उंची वाढेल, तोवर दर सहा महिन्यांनी यायचं."

"आणि पुढं लागला तर?" प्रेमलतानं विचारलं.

"तर बांधून शाळेत जाशील."

कागदावरचं ते चित्र तिनं डोळ्यांसमोर आणून पाहिलं. या वेळी भीती वाटली नाही. जाईन, तिला वाटलं.

बाहेर आल्यावर कळलं, सकाळपासून कोणीच काही खाल्लं नव्हतं. फाटकासमोरच्या गाड्यावर कवडूनं तीन प्लेट तर्री पोहे मागवले. पोह्यांवर ओतलेली रश्श्याची तर्री इतकी जहाल की कौसल्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसत सुटली. प्रेमलतानं आणखी एक प्लेट मागितली. परतीच्या सिटी बसमध्ये तिला खिडकी मिळाली. खिडकीच्या गजाला डोकं टेकवून ती झोपून गेली, आणि लकडगंज आल्यावर बाबांना तिला दोनदा हाक मारावी लागली.